साखळी कोणाच्या हाती द्यायची?

घरात श्वान आला, पण त्याला फिरवायला घरच्यांपाशी वेळ उरला नाही. त्यातून महानगरांत ‘डॉग वॉकर’ हा नवा व्यवसाय उभा राहिला. हा माणूस निवडताना श्वानपालक नेमके काय पाहतात आणि काय पाहायचे विसरतात, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

सकाळचे साडेसहा. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा पदपथ, माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स, वांद्र्याचा कार्टर रोड किंवा पुण्यातील कोरेगाव पार्कच्या गल्ल्या. यांपैकी कुठेही गेले तरी एक दृश्य हमखास दिसते. विशी-पंचविशीतला एक तरुण, एका हातात तीन-चार साखळ्या, दुसऱ्या हातात मोबाईल. पुढे एक लॅब्रेडॉर ओढ काढतो आहे, मागे एक शिट्झू धापा टाकत येतो आहे आणि मधेच एका बीगलचे पाय खांबापाशी रोवले गेले आहेत. या कुत्र्यांपैकी एकही त्या तरुणाचे नाही. ज्यांची आहेत ती मंडळी या वेळी लोकलच्या फलाटावर, मुलांच्या शाळेच्या बसपाशी किंवा अजून अंथरुणातच आहेत.

पंचवीस वर्षांपूर्वी हे दृश्य मोजक्या श्रीमंत वस्त्यांपुरते मर्यादित होते. मध्यमवर्गीय घरात कुत्रा असलाच तर त्याला फिरवणे हे सकाळी लवकर उठणाऱ्या आजोबांचे किंवा शाळकरी मुलाचे काम असे. २००३ मध्ये ‘हच’च्या जाहिरातीतला पग मुलामागे धावू लागला आणि विदेशी जातीचे पिल्लू ही मध्यमवर्गाच्याही हौसेची वस्तू झाली. पुढे कुटुंबे लहान होत गेली, पती-पत्नी दोघेही नोकरीला लागली, घर आणि कचेरी यांतले अंतर वाढले. २०२०च्या टाळेबंदीत घरात कोंडलेल्या अनेकांनी पिल्ले आणली. त्या काळात सोसायट्यांनी बाहेरच्या माणसांना दारे बंद केली होती, त्यामुळे कुत्र्याला फिरवणे घरच्यांनाच भाग होते आणि ते जमतही होते. कचेऱ्या पुन्हा सुरू झाल्यावर मात्र दिवसातून दोन-तीनदा बाहेर जाण्याची सवय लागलेला प्राणी घरात राहिला आणि त्याला नेणारे कामावर गेले. ही पोकळी भरायला जो माणूस पुढे आला, तो डॉग वॉकर.

तो बहुधा कोणत्याही प्रशिक्षणातून आलेला नसतो. कोणी सोसायटीत पहाटे गाड्या धुणारा असतो, कोणी वॉचमनचा गाववाला, कोणी शेजारच्या वस्तीत भटक्या कुत्र्यांबरोबर वाढलेला मुलगा. काहींनी हा पूर्णवेळ व्यवसाय केला आहे, तर काही पदवीचे शिक्षण घेता घेता फीपुरते पैसे मिळवत आहेत. महिन्याला काही हजार रुपयांच्या बोलीवर हा माणूस ठरतो. ठरतो कसा, हे पाहिले की आपल्या शहरी जीवनाचा एक वेगळाच कोपरा उजेडात येतो.

सांगण्यातले निकष आणि निवडीतले निकष

डॉग वॉकरमध्ये काय पाहता, असे कोणत्याही श्वानपालकाला विचारले तर पहिले उत्तर ठरलेले असते. ‘त्याला कुत्र्यांची आवड हवी.’ या उत्तरात खोटे काही नाही. पण प्रत्यक्ष निवड होते ती निराळ्याच कसोट्यांवर. शेजारच्यांकडे तो आधीपासून येतो का, आपल्या वेळेत बसतो का आणि किती घेतो, या तीन प्रश्नांवर बहुतेक व्यवहार पाच मिनिटांत उरकतो. चौथा प्रश्न आधार कार्डाच्या प्रतीचा. ‘आवड’ तपासायची कशी, हे कोणालाच ठाऊक नसल्याने ती गृहीत धरली जाते. पहिल्या भेटीत कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला आणि कुत्र्याने शेपूट हलवली की परीक्षा संपली.

आवड ही अर्थातच महत्त्वाची. पण जो रोज नवा पाहुणा भेटल्यागत आनंदाने कुत्र्याशी खेळतो आणि आठवड्यातून दोन दिवस येतच नाही, त्याच्या आवडीचा उपयोग काय? दिवसभर घरात बसलेले कुत्रे संध्याकाळी सातची वाट पाहत लघवी रोखून धरते. घरात घाण करायची नाही हे त्याला आपणच शिकवलेले असते आणि तो शिकवणुकीला इमानाने जागतो. फिरवणारा साडेआठला आला तर दीड तासाची शिक्षा भोगतो तो कुत्रा. म्हणूनच ज्यांनी दोन-चार वॉकर बदलून पाहिले आहेत, अशा अनुभवी पालकांच्या यादीत आवडीच्या आधी नियमितपणा येतो. त्याच्या जोडीला येते ती एक अट : रोज तोच माणूस हवा. ‘मी गावी चाललो, भाऊ येईल’ हे वाक्य अनुभवी पालकाला धास्तावते. कारण कुत्र्याला भाऊ कळत नाही. त्याला ठरावीक माणसाचा वास, ठरावीक आवाज आणि साखळीला बसणारा ठरावीक हिसका कळतो.

नवखा पालक आणि अनुभवी पालक यांच्या अपेक्षांतला हा फरक लक्षणीय आहे. नवखा माणूस स्वभाव पाहतो, अनुभवी माणूस सवयी पाहतो. साखळी मनगटाला वळसा घालून धरली आहे की बोटांत लोंबते आहे? गळ्यातला पट्टा दोन बोटे जातील एवढाच सैल आहे की मान मागे ओढताच निसटेल? रस्ता ओलांडण्यापूर्वी तो कुत्र्याला जवळ घेतो का? चालताना त्याचे लक्ष कुत्र्याकडे असते की मोबाईलच्या पडद्याकडे? एका वेळी किती कुत्री नेतो? या गोष्टी दिवाणखान्यात बसून कळत नाहीत. त्यासाठी पहिले काही दिवस त्याच्यासोबत चालावे लागते. आणि ज्याला चालायला वेळ नाही म्हणूनच वॉकर ठेवायचा आहे, तो नेमके तेवढेच करत नाही.

शहर ओळखणारा माणूस

कुत्रा फिरवणे म्हणजे त्याला शी-शू करवून आणणे, एवढाच अर्थ बहुतेक घरांत घेतला जातो. वस्तुतः चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने तो दिवसाचा एकमेव मोकळा वेळ असतो. कुत्रा जग पाहतो ते नाकाने. प्रत्येक खांबापाशी थबकून त्याने घेतलेला वास हा त्याचा सकाळचा पेपर म्हणायला हरकत नाही. त्याला वाचू न देता पुढे खेचत नेणारा वॉकर वेळेत काम उरकतो, पण त्या प्राण्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. मग घरी परतल्यावर सोफा कुरतडला जातो आणि दोष कुत्र्याच्या माथी मारला जातो.

आपल्या शहरांत तर या कामाला आणखी एका ज्ञानाची जोड लागते. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांत ते सापडणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे हवामान. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून तो शरीर थंड राखतो. पग, शिट्झू, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही. मे महिन्यात सकाळी दहा वाजता डांबरी रस्त्यावर पगला पळवणे हे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. तळहाताची मागची बाजू सात-आठ सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पाय भाजणार, ही साधी कसोटी किती वॉकरना ठाऊक असते? आणि किती पालकांनी ती त्यांना सांगितलेली असते? उलट ‘मला नऊची मीटिंग आहे, तू त्यानंतर ये’ असे सांगून उन्हाची वेळ ठरवून देणारे पालकच असतात.

पावसाळ्याचे गणित निराळे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. २६ जुलै २००५च्या प्रलयानंतर मुंबईने हा रोग चांगलाच अनुभवला आहे. कुत्र्यांनाही तो होतो आणि त्यांच्यापासून माणसांनाही होऊ शकतो. ओल्या दिवसांत गोचिडी वाढतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याला हां हां म्हणता खंगवतो. पथदिव्याच्या खांबात वीज उतरून मुके जनावर दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतात. दिवाळीत तर फटाक्याच्या एका आवाजासरशी घाबरून पट्ट्यातून मान काढून पळालेले कुत्रे कित्येक किलोमीटर दूर सापडते, किंवा सापडतच नाही. घरी परतल्यावर पायांचे पंजे पुसून बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहणारा, पाणी साचलेली गल्ली टाळणारा, दिवाळीच्या आठवड्यात आपणहून लवकर येणारा वॉकर मिळणे हे भाग्य समजावे.

याहून मोठा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा. प्रत्येक गल्लीतील टोळीची हद्द आखलेली असते. साखळीने बांधलेले परके कुत्रे त्या हद्दीत शिरले की संघर्ष अटळ होतो आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. चांगला वॉकर हातात काठी घेऊन फिरत नाही, तो वाटा निवडतो. कोणत्या वळणावर कोणती टोळी, कोणत्या कुत्रीला सध्या पिल्ले आहेत, कोणत्या चहावाल्यापाशी थांबले की तिथली कुत्री ओळख ठेवतात, याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांबाबत दिलेल्या आदेशांनंतर शहरांत या विषयावर बरेच रण माजले. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत आणि खाणे ठरावीक जागीच घालावे, असे २२ ऑगस्टच्या सुधारित आदेशाने म्हटले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवण्यास सांगितले गेले. एखाद्या भागातली कुत्री हलवली गेली किंवा खाण्याची जागा बदलली की टोळ्यांच्या हद्दीही बदलतात. हा बदल श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक यांच्या वादात कोणाच्या लक्षात येवो न येवो, रोज पहाटे त्या गल्लीतून जाणाऱ्या वॉकरला मात्र तो प्रथम कळतो.

न दिसणारी पंचेचाळीस मिनिटे

इथे या व्यवहाराची खरी गाठ आहे. पालकाला ज्या गुणांची सर्वाधिक गरज आहे, ते सर्व गुण त्याच्या पाठीमागेच प्रकट व्हायचे असतात. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचे काम ताटात दिसते, गाडी धुणाऱ्याचे काचेवर दिसते. कुत्रा फिरवणाऱ्याचे काम दाराबाहेर सुरू होते आणि दाराबाहेरच संपते. पंचेचाळीस मिनिटांपैकी तो पंचवीस मिनिटे जिन्याखाली बसून राहिला, तर त्याचा एकमेव साक्षीदार मुका असतो.

म्हणूनच साक्षीचे पर्याय शोधले जातात. फिरण्याचा मार्ग मोबाईलवर दाखवणारी यंत्रणा, कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवलेले उपकरण, लिफ्टमधील सीसीटीव्ही, ‘आज शी झाली’ याचे रोजचे छायाचित्र. ही साधने निरर्थक नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यातील एका प्राण्यांच्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांनी एका श्वानाला मारहाण केल्याचे चित्रीकरण प्रसृत झाले, तेव्हाच तो प्रकार लोकांपुढे आला. अशा क्रौर्याला आळा घालण्याच्या कामी आपला कायदा तोकडा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या अधिनियमात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. त्यातल्या किमान रकमेत आज धड वडापावही येत नाही.

मात्र कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, घडू नये याची हमी देत नाही. शिवाय नकाशावरची रेघ माणूस चालल्याचे सांगते. तो कसा चालला, हे सांगत नाही. जाणकार पालक त्यापेक्षा जुन्या साक्षीवर विसंबतात, ती म्हणजे खुद्द कुत्र्याच्या. दाराची घंटा वाजली की तो दाराकडे झेपावतो की पलंगाखाली जातो? परतल्यावर पाणी पिऊन शांत झोपतो की अस्वस्थ घिरट्या घालतो? साखळी पाहताच शेपूट दोन पायांत जाते का? आधार कार्डाच्या प्रतीपेक्षा ही साक्ष अधिक खरी असते. ती ऐकायला मात्र घरात कोणीतरी असावे लागते.

चपळाईचा धंदा आणि ओळखीचा धंदा

विश्वासाचा हा प्रश्न तंत्रज्ञानाने सुटेल, अशी आशा अमेरिकेत मोठ्या भांडवलानिशी करून झाली आहे. २०१५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘वॅग’ नावाची कंपनी सुरू झाली. मोबाईलवर मागणी नोंदवली की थोड्याच वेळात फिरवणारा दारात हजर, हे तिचे आश्वासन. टॅक्सी बोलवावी तसा वॉकर बोलवा, अशी ही कल्पना. २०१८ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने तिच्यात तीस कोटी डॉलर गुंतवले आणि पुढच्याच वर्षी आपला हिस्सा कंपनीलाच परत विकून ती बाहेर पडली. जुलै २०२५ मध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. तिच्याआधी, २०११ मध्ये सिॲटल येथे सुरू झालेल्या ‘रोव्हर’ने मात्र पालकाने माणूस स्वतः पाहून निवडावा आणि पुढे त्याच्याचकडे जात राहावे, या पद्धतीवर भर दिला. ही कंपनी २०२३च्या अखेरीस ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेने सुमारे दोनशे तीस कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले.

कंपन्यांच्या यशापयशाची कारणे अनेक असतात. तरीही या दोन कथांतून एक बोध घेण्यासारखा आहे. टॅक्सीचा चालक रोज वेगळा असला तरी प्रवाशाचे काही बिघडत नाही. घराची किल्ली आणि घरातला जीव ज्याच्या हाती द्यायचा, तो माणूस रोज वेगळा चालत नाही. इथे ग्राहकाला चपळ सेवेपेक्षा ओळखीचा माणूस अधिक मोलाचा वाटतो. आणि ओळखीचा माणूस टिकवायचा तर त्याला टिकावेसे वाटेल, अशा अटी द्याव्या लागतात. आपल्याकडचा व्यवहार नेमका इथेच लंगडा पडतो.

पडताळणी एकाच बाजूची

वॉकरचे ओळखपत्र घेतले जाते, कुठे कुठे पोलीस पडताळणीही होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या माणसाला कुत्र्याची पडताळणी करता येते का? हा कुत्रा पूर्वी कोणाला चावला आहे का, लहान मुले दिसली की बिथरतो का, रेबीजची लस कधी दिली, हे त्याला सांगितले जाते का? ‘आमचा ब्रूनो काही करत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक लिफ्टने ऐकलेले आहे. चावऱ्या कुत्र्याला कोणी हात लावणार नाही, या भीतीने अनेक घरे मागचा इतिहास दडवतात. वॉकरला तो कळतो, तो दात लागल्यावर.

कायद्याच्या नजरेतून पाहिले तर ही लपवाछपवी अधिकच गंभीर ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यातला ‘ताब्यातील’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. कलम मालकीविषयी बोलत नाही, ताब्याविषयी बोलते. २०१० मध्ये नेपियन सी रोडवर रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मुंबईच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची, तर २०१८ मध्ये वरळीच्या एका इमारतीतील लिफ्टमध्ये हस्की चावल्याच्या प्रकरणात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. ही दोन्ही प्रकरणे संहितेपूर्वीच्या कायद्याखालची, आणि दोन्ही वेळी मालक स्वतः तिथे हजर होता. साखळी वॉकरच्या हाती असताना असा प्रसंग घडला, तर पोलिसांपुढे प्रथम उभा राहील तो महिन्याकाठी काही हजार मिळवणारा तरुण. त्याला कुत्र्याचा स्वभाव सांगितला नव्हता, हे तो कशाच्या आधारे सिद्ध करणार?

याहून जिव्हाळ्याची बाब लसीची. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस दिली जाते, तिची नोंद पुस्तिकेत होते, महापालिकेच्या परवान्यासाठी ती दाखवावी लागते. पण त्याला रोज फिरवणारा माणूस सोडवासोडवीत भटक्या कुत्र्यांच्या दातांत सापडू शकतो. प्राण्यांच्या सतत संपर्कात असणाऱ्यांनी चाव्यापूर्वीच प्रतिबंधक लस घ्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पशुवैद्य ती घेतात. वॉकरने घ्यावी आणि तिचा खर्च द्यावा, असे किती घरांच्या मनात येते? रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. माणसांतील या रोगाचे उच्चाटन २०३० पर्यंत करण्याचा आराखडा केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केला. त्या आराखड्यातला एक अगदी लहान दुवा आपल्याच दारात, पायातल्या चपला काढून उभा असतो. कुत्र्याची पुस्तिका पूर्ण आणि त्याला नेणाऱ्याची पाटी कोरी, हे चित्र शोभणारे नाही.

सोसायटीच्या नियमांतही हा दुजाभाव दिसतो. रहिवाशांना प्राणी पाळण्यास किंवा त्यांना लिफ्टने नेण्यास सोसायट्यांनी मनाई करू नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. मालकासोबत निघालेला कुत्रा त्यामुळे रहिवाशांच्या लिफ्टने जातो. तोच कुत्रा वॉकरसोबत निघाला की अनेक टॉवरमध्ये दोघांनाही सामानाच्या लिफ्टकडे पिटाळले जाते. कुत्र्याची प्रतिष्ठा साखळी कोणाच्या हातात आहे, यावर ठरते!

काय करता येईल?

हा व्यवसाय पूर्णपणे अनियंत्रित ठेवावा की त्याला परवान्याच्या चौकटीत बसवावे, याबाबत मतभेद संभवतात. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१३ पासून चार किंवा अधिक कुत्री एकत्र फिरवणाऱ्या व्यावसायिकांना परवाना सक्तीचा केला आणि एका वेळी आठ ही कमाल मर्यादा घातली. आपल्या महापालिकांना खुद्द कुत्र्यांचे परवाने नीट तपासता येत नसताना वॉकरच्या परवान्याची अपेक्षा धरणे आज तरी भाबडेपणाचे होईल. शिवाय असा परवाना चिरीमिरीचे आणखी एक कुरण होण्याची भीती आहेच.

मात्र घरापुरते आणि सोसायटीपुरते नियम करायला कोणी अडवलेले नाही. एका वेळी किती कुत्री न्यायची, याचा आकडा आधीच ठरवावा. वजनदार कुत्र्यांच्या बाबतीत तो दोनच्या वर असू नये. पहिला आठवडा घरातल्या कोणीतरी सोबत चालावे. कुत्र्याचा स्वभाव, आजार, लसीच्या तारखा आणि पूर्वीचे चावे एका कागदावर लिहून द्यावेत. पट्ट्यावर मालकाचा मोबाईल क्रमांक असावा. उन्हाळ्यात वेळ कुत्र्याच्या सोयीने ठरवावी. रस्त्यावरची विष्ठा उचलण्यासाठी पिशव्या घरून द्याव्यात. कारण दंड झाला तर तो त्याच्या खिशातून जातो आणि घाण राहिली तर शिव्या सगळ्याच श्वानपालकांना बसतात. आणि महिन्यातून ठरावीक भरपगारी सुट्ट्या व प्रतिबंधक लसीचा खर्च हा बोलीचाच भाग मानावा.

यातली शेवटची अट काहींना अवाजवी वाटेल. परंतु महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्येच केला. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने ॲपवरून काम करणाऱ्यांचीही दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्राला सांगितले. घरात काम करणाऱ्या माणसाचे काही हक्क असतात, हे तत्त्व आता नवे राहिलेले नाही. कुत्रा फिरवणारा दाराबाहेर काम करतो म्हणून तो त्या तत्त्वाबाहेर कसा जाईल?

सोसायटीच्या बैठकीत कुत्र्यांवरून होणारी भांडणे आपल्याला परिचित आहेत. त्यात श्वानपालक आणि त्रस्त रहिवासी असे दोनच पक्ष असतात. तिसरा पक्ष त्या वेळी खाली फाटकापाशी दुसऱ्याच्या कुत्र्याची साखळी धरून उभा असतो. लिफ्टमध्ये कुत्रा कोणाच्या अंगावर गेला नाही, रस्त्यावर घाण राहिली नाही, भटक्या कुत्र्यांची झुंज टळली, तर त्याचे श्रेय बहुतांशी या तिसऱ्या पक्षाचे असते. त्याला बैठकीत बोलावून त्याचे म्हणणे ऐकले, तर निम्मी भांडणे आपोआप मिटतील.

चांगला डॉग वॉकर कसा ओळखावा, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे अखेर पालकाकडेच परत येते. वेळेवर येणारा, रोज तोच, सावध, कोणी पाहत नसतानाही हळुवार हात असलेला आणि वर्षानुवर्षे टिकणारा माणूस सगळ्यांनाच हवा आहे. अशी माणसे बाजारात तयार मिळत नाहीत. ती चांगल्या वागणुकीतून घडतात आणि वाईट वागणुकीने निघून जातात. शेजारच्याने दोनशे रुपये कमी सांगितले म्हणून तीन वर्षांचा ओळखीचा माणूस बदलणाऱ्याने विश्वासू माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार करू नये. त्या दोनशे रुपयांची किंमत पुढे महिनाभर संध्याकाळी सात वाजता त्याचा कुत्रा दाराकडे डोळे लावून चुकवत असतो.